डोळ्यांच्या ड्रॉप्सचा खर्च कमी करायचाय? आधी हे वाचा, मग दुकानात जा

मागच्या उन्हाळ्यात बाबांच्या खोलीतल्या कूलरमध्ये पाणी टाकायला गेले तेव्हा खिडकीत त्यांच्या डोळ्यांच्या ड्रॉपची बाटली दिसली, उचलून हलवली तर अर्धी भरलेली, आणि शेजारीच पडलेलं बिल मार्च महिन्याचं. महिन्याभरात संपायला पाहिजे ती बाटली तिसऱ्या महिन्यात चालू होती. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मले दिसते न चांगलं, मंग काऊन रोज-रोज टाकू? केवढ्याची येते ती बाटली माहीत आहे का तुले?" म्हणजे माणूस पैसे वाचवायला एक दिवसाआड ड्रॉप टाकत होता, आणि आम्हाला कोणाला पत्ता नाही.

बाबांना काचबिंदू आहे. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही, डोळ्याच्या आतलं प्रेशर नजरेच्या नसेला हळूहळू खात राहतं आणि कडेची नजर आधी जाते, म्हणून समोरचं पेपरातलं वाचता येतं तोवर वाटतं की सगळं ठीक आहे. आणि एकदा गेलेली नजर परत येत नाही, ऑपरेशननेही नाही, मोतीबिंदूसारखं ते नाहीये. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते की पैसे बाटलीच्या किमतीत वाचवायचे, थेंबात नाही. तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस ड्रॉप टाकत असेल तर आजच बाटली आणि बिलाची तारीख पाहून घ्या, रागवू नका, फक्त पाहा.

त्यानंतर मी हे सगळं शिकत गेले, डॉक्टरांना विचारून, दुकानदारांना विचारून, आणि एकदा चूक होऊनही. ते इथे लिहून राहिले आहे.

सगळ्यात आधी बाटलीवरचं मोठं नाव विसरा. ते कंपनीने ठेवलेलं नाव असतं. त्याच्या खाली बारीक अक्षरात खरं औषध लिहिलेलं असतं, चष्मा लावूनही वाचता येत नाही इतकं बारीक, म्हणून मोबाईलने फोटो काढायचा आणि मोठा करून वाचायचा. बाबांच्या दोन बाटल्या आहेत, एकीवर निघालं लॅटानोप्रोस्ट ०.००५ टक्के आणि दुसरीवर टिमोलॉल ०.५ टक्के. बस, ही दोन नावं आणि हे दोन आकडे आमच्या कामाचे. तुमच्याकडे दुसरं काही असेल, काचबिंदूसाठीच ब्रिमोनिडिन किंवा डॉर्झोलामाइड, कोरड्या डोळ्यांसाठी कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज, ॲलर्जीसाठी ओलोपाटाडिन, इन्फेक्शनसाठी मॉक्सिफ्लॉक्सासिन. नाव, टक्केवारी आणि किती एमएल, या तीन गोष्टी एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा, मी तर फॅमिली ग्रुपवर पण टाकून ठेवल्यात.

टक्केवारी का म्हणते ते ऐका. एकदा नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून दुसऱ्या एका दुकानातून टिमोलॉल आणलं, तो म्हणाला तेच आहे ताई, कंपनी वेगळी, आणि भावही कमी. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला तर ०.२५ टक्के. औषध तेच पण ताकद अर्धी. परत गेले, त्याने बदलून दिलं, वाद घातला नाही, पण मी पाहिलंच नसतं तर बाबा महिनाभर अर्ध्या ताकदीचं औषध टाकत बसले असते. ब्रिमोनिडिनही ०.१, ०.१५ आणि ०.२ अशा तीन ताकदींत मिळतं. आणि नावापुढे एखादं अक्षर जास्त लागलं असेल तर जपून, टी असेल तर अनेकदा आत टिमोलॉल मिसळलेलं असतं, डी किंवा डीएक्स असेल तर डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. नाव सारखं वाटतं आणि औषध दुसरंच निघतं.

आता खरी किल्ली. ती दुकानात नाही, डॉक्टरांच्या पेनात आहे. आपल्याकडे शेड्यूल एच मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधं, आणि डोळ्यांचे बहुतेक प्रिस्क्रिप्शनवाले ड्रॉप त्यातच येतात, चिठ्ठीवर ज्या नावाने लिहिली तीच दुकानदाराने द्यायची असा औषध नियमावलीतला नियम आहे, स्वतःच्या मनाने दुसरी कंपनी देता येत नाही. त्यामुळे चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर तुम्ही कितीही म्हणा की स्वस्तातलं द्या, प्रामाणिक दुकानदार नाही म्हणणार, आणि जनऔषधीवाला, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातला, तर हमखास अडेल. पण चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असेल तर कोणत्याही कंपनीचं मिळतं. आणि हे मागायला लाजायचं काही कारण नाही, जेनेरिक नाव, म्हणजे हेच मूळ नाव, स्वच्छ अक्षरात, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावं हे डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ पासून आहे.

मला विचारायला खूप संकोच वाटत होता, वाटायचं डॉक्टर म्हणतील यांना आपल्यावर भरवसा नाही. शेवटी तपासणी झाल्यावर उठता उठता म्हटलं, "सर, बाबांना हे आयुष्यभर टाकायचं आहे न, खर्चामुळे ते मधेमधे बंद करून राहिले होते, औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का, म्हणजे आम्ही जनऔषधीतून घेऊ." डॉक्टरांनी आधी बाबांकडे पाहिलं, त्यांना विचारलं किती दिवसांपासून बंद केले, आणि मग चिठ्ठी परत घेऊन दोन्ही नावं मोठ्या अक्षरात लिहून दिली. वरून हेही सांगितलं की टिमोलॉल बिनधास्त बदला, लॅटानोप्रोस्ट बदललं तर महिना-दीड महिन्यात प्रेशर तपासायला या. असं वाक्य तुम्हीही वापरा. "स्वस्त लिहा" म्हणण्यापेक्षा "खर्चामुळे बंद पडतंय" हे सांगितलेलं बरं, कारण डॉक्टरांना औषध बंद पडायला नकोच असतं. सोबत एवढंही विचारून घ्या, कुठल्याही कंपनीचं चालेल का, की प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवायला टाकतात ते रसायन) नसलेलंच पाहिजे असं काही कारण आहे, आणि दोन वेगळ्या बाटल्यांऐवजी एकत्र औषध असलेली बाटली चालते का. एकत्रवाली कधी स्वस्त पडते कधी महाग, पण टाकायला सोपी, आणि म्हाताऱ्या माणसाचं विसरणं कमी होतं.

मग प्रश्न येतो की घ्यायचं कुठून. जनऔषधी केंद्रं आता नागपुरात जवळपास प्रत्येक मोठ्या वस्तीत दिसतात. ही योजना २००८ मध्ये सुरू झाली, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये देशातलं दहा हजारावं केंद्र उघडलं. तिथली किंमत ठरवायची पद्धत अशी आहे की त्या औषधाच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या तीन ब्रँडच्या सरासरी किमतीच्या जास्तीत जास्त निम्मी, त्याच्या वर नाही, आणि माल बाजारात यायच्या आधी प्रत्येक बॅच एनएबीएलच्या, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, मान्यतेच्या लॅबमध्ये तपासतात. बाबांची शंका होती की इतकं स्वस्त म्हणजे पाणीच असेल, त्यांना मी हेच सांगितलं. टिमोलॉल, कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज, मॉक्सिफ्लॉक्सासिन असे रोजचे ड्रॉप त्यांच्या यादीत आहेत. पण यादीत असणं आणि कपाटात असणं वेगळं. उन्हात सक्करदऱ्यावरून धरमपेठेपर्यंत गाडी हाणत जाऊन "संपलंय" ऐकू नका, जनऔषधी सुगम नावाचं ॲप आहे, त्यात औषध आणि जवळचं केंद्र दोन्ही शोधता येतं, मग केंद्राला फोन करायचा, "अमुक नाव, अमुक टक्के, अमुक एमएल आहे का, एक्सपायरी काय" आणि असेल तर ठेवायला सांगायचं. मी बाटली संपायच्या आठ-दहा दिवस आधी फोन करते. शेवटच्या दिवशी शोधायला निघालं की माणूस मिळेल त्या भावात घेतोच.

सरकारी दवाखान्यांच्या आवारात अमृत नावाची दुकानं असतात, मिहानमधल्या एम्समध्येही आहे, तिथे ब्रँडवालीच औषधं एमआरपीपेक्षा बरीच कमी किमतीत मिळतात, त्यामुळे डॉक्टरांनी ब्रँड बदलू नका असं सांगितलं असेल तर तिथे विचारायचं. मेडिकलला, म्हणजे आपल्या मेडिकल कॉलेजला, किंवा मेयोला, म्हणजे दुसऱ्या सरकारी मेडिकल कॉलेजला, डोळ्यांच्या ओपीडीत दाखवत असाल तर चिठ्ठी घेऊन आधी तिथल्याच औषध खिडकीवर जा, मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर बाहेरून. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर सोमवारी पेठेतला दवाखाना आहे. आणि एक गोष्ट जी आमच्याच गल्लीत पाहिली, आयुध निर्माणीतून रिटायर झालेले एक काका, सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, कार्ड कपाटात, आणि दर महिन्याला ड्रॉप रोखीने विकत, कारण "डिस्पेन्सरीत कोण जाणार". नागपुरात सीजीएचएस आहे, जुनाट आजाराचं औषध तीन महिन्यांपर्यंतचं एकदम मिळू शकतं. आता त्यांची सून तीन महिन्यांतून एकदा जाऊन येते.

होलसेलचा दवाबाजार गांधीबाग-गंजीपेठेकडे आहे हे सगळ्या नागपूरला माहीत आहे, बरेच जण तिथून ओळखीने आणतात. टॅब्लेटचं ठीक आहे, पण डोळ्यात टाकायच्या औषधाचं बिल पाहिजेच, बॅच नंबर लिहिलेलं बिल, कारण ड्रॉप निर्जंतुक असावा लागतो आणि काही त्रास झाला तर तोच कागद उपयोगी पडतो. बिनाबिलाचं शंभर रुपये स्वस्त मिळालं तरी मी घेत नाही.

डिस्काउंटच्या पाटीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण यात खूप लोक फसतात. काही जेनेरिक माल असा असतो की एमआरपी ब्रँडएवढीच छापलेली असते पण दुकानदाराला तो फार कमी भावात पडलेला असतो. मग तो तुम्हाला "ताई वीस टक्के सोडतो" म्हणतो, आपण खूश, पण शेजारच्या दुकानात त्याच औषधाची दुसरी कंपनी बिना डिस्काउंटचीही त्याच्यापेक्षा स्वस्त असते. म्हणून किती टक्के सोडले ते पाहू नका, हातातून किती रुपये गेले ते पाहा. औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या एनपीपीए या सरकारी संस्थेचं फार्मा सही दाम नावाचं ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकलं की वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमती दिसतात, आणि जी औषधं अत्यावश्यक यादीत आहेत त्यांची सरकारने ठरवलेली कमाल किंमतही. टिमोलॉल त्या यादीत आहे. यादीबाहेरच्या औषधाची एमआरपीही कंपनीला वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तर बिलावर कोणता दर लावलाय ते एकदा बघून घ्या.

हिशोब कसा करायचा? सगळे म्हणतात एमएलचा भाव काढा. समजा एक बाटली ५ एमएल, ३०० रुपये, म्हणजे ६० रुपये एमएल. दुसरी ३ एमएल, २१० रुपये, म्हणजे ७० रुपये एमएल. पहिली स्वस्त वाटते. पण बहुतेक बाटल्या उघडल्यावर साधारण महिन्याभरात टाकून द्यायच्या असतात, आत औषध उरलेलं असलं तरी, कारण उघडी बाटली खराब होते. मग तुम्हाला महिन्याला जेवढं लागतं ते ३ एमएलमध्ये भागत असेल तर दुसरी बाटली ९० रुपये वाचवते. म्हणून मी महिन्याचा हिशोब करते. लॅटानोप्रोस्टच्या २.५ एमएल बाटलीत साधारण ८० थेंब असतात, बाबांना रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक, म्हणजे महिन्याला ६०, एक बाटली आरामात पुरते. टिमोलॉल सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत, म्हणजे महिन्याला १२०. एका एमएलमध्ये २० ते ३० थेंब धरले तर ५ एमएलच्या बाटलीत १०० ते १५०. म्हणजे नीट टाकलं तर एक पुरते, सांडलं तर दुसरी आणावी लागते.

आणि बाबा सांडत होते. मी एक दिवस समोर बसून पाहिलं. पलंगावर बसायचे, मान मागे, हात थरथरत, बाटली डोळ्याच्या बरीच वर, पहिला थेंब गालावर, दुसरा पापणीवर, तिसरा डोळ्यात, आणि मग खात्री वाटावी म्हणून चौथा. खांद्यावरचा गमछा ओला. एका डोळ्यासाठी चार थेंब! आम्ही महाग औषधाला नावं ठेवत होतो आणि त्यातलं निम्म्याहून जास्त गमछ्यात जात होतं.

डोळ्यात मुळात एकच थेंब मावतो, तोही पूर्ण नाही, दुसरा टाकला तरी बाहेरच येतो. आता आम्ही असं करतो. हात साबणाने धुवायचे. बाबा उताणे झोपतात, डोक्याखाली पातळ उशी. एका हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढायची, तिथे छोटा खिसा तयार होतो. बाटली धरलेला हात कपाळावर टेकवायचा म्हणजे थरथर थांबते. वर बघायचं आणि खिशात एक थेंब. बाटलीचं तोंड डोळ्याला किंवा पापणीला लागू द्यायचं नाही, लागलं तर जंतू आत जातात. मग डोळा हलके मिटायचा, मिचकवायचा नाही, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून ठेवायचा. हे दाबणं महत्त्वाचं आहे, औषध नाकात आणि घशात उतरून रक्तात कमी जातं, डोळ्यात जास्त राहतं. टिमोलॉल असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ते रक्तात गेलं की दमा असणाऱ्यांना किंवा ज्यांचे ठोके आधीच कमी आहेत त्यांना त्रास होऊ शकतो, असा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. दुसरा ड्रॉप टाकायचा असेल तर पाच मिनिटं थांबा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुवून काढतो. ज्या दिवसापासून हे सुरू केलं त्या दिवसापासून टिमोलॉलची एक बाटली महिना पुरून राहिली आहे, बाबा रोज टाकायला लागले तेव्हा आधी दोन लागायच्या, आणि तेव्हा तर कंपनीही बदलली नव्हती.

एक रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दोनदा टाकायचं नाही. लॅटानोप्रोस्ट दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा टाकलं तर उलट असर कमी होतो.

आता आपल्या नागपूरच्या उन्हाचं. बहुतेक ड्रॉपच्या खोक्यावर २५ किंवा ३० डिग्रीच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बंद खोलीत दुपारी काय होत असेल विचार करा. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली सहसा फ्रीजमध्येच ठेवायची असते, २ ते ८ डिग्री, उघडल्यावर २५ डिग्रीपर्यंत सहा आठवडे चालते, म्हणजे नवतपात, मे अखेरच्या त्या कडक उन्हात, उघडलेलीही फ्रीजमध्येच बरी. दारातल्या कप्प्यात एका डबीत ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, गोठलेलं औषध वापरायचं नाही. बाबांची बाटली खिडकीत होती, पश्चिमेच्या. असं तापलेलं औषध स्वस्तात आणलं काय आणि महाग आणलं काय, वाया गेलं. दुकानातून आणतानाही मी उन्हाळ्यात संध्याकाळी जाते, डिक्कीत ठेवत नाही, पर्समध्ये ठेवते आणि सरळ घरी येते. ऑनलाइन स्वस्त मिळतं हे खरं, हिवाळ्यात मीही मागवते, पण एप्रिल ते जून लॅटानोप्रोस्ट मागवत नाही, दिवसभर डिलिव्हरीच्या गाडीवर कुठे फिरत असेल सांगता येत नाही.

बाटली उघडली की त्याच दिवशी मार्करने खोक्यावर तारीख टाका. आमच्याकडे हे काम माझ्या मुलीकडे आहे, तिला आवडतं.

कुठे पैसे वाचवायचे नाहीत तेही सांगते. डोळे आले की मागच्या वेळची उरलेली बाटली काढून टाकणे, किंवा शेजारच्यांची मागणे, हे करूच नका, एकाच्या बाटलीने अख्ख्या घराचे डोळे येतात. डोळे येणं बरेचदा व्हायरलच असतं, त्यात अँटिबायोटिक ड्रॉपचा उपयोगही नसतो. स्टिरॉइडवाले ड्रॉप तर डॉक्टरांशिवाय कधीच नाही, लाली एका दिवसात जाते म्हणून लोकांना आवडतात, पण जास्त दिवस टाकले तर डोळ्याचं प्रेशर वाढतं, मोतीबिंदूही होऊ शकतो. ज्यांना प्रिझर्व्हेटिव्हने डोळे जळतात त्यांना डॉक्टरांनी बिनाप्रिझर्व्हेटिव्हचं दिलं असेल तर ते महाग असतं, पण तिथे स्वतःच्या मनाने साधं आणू नका, आणि एकदाच वापरायच्या छोट्या व्हायल दुसऱ्या दिवसासाठी उरवून ठेवू नका.

आमचं पुढे असं झालं की टिमोलॉल जनऔषधीतून, लॅटानोप्रोस्ट आधी ब्रँडचंच ठेवलं आणि दोन महिन्यांनी डॉक्टरांना विचारून दुसऱ्या स्वस्त कंपनीचं घेतलं. दोन्ही एकदम बदलली नाहीत, म्हणजे काही फरक पडला तर कशामुळे पडला ते कळावं. बदलल्यावर सहाव्या आठवड्यात प्रेशर तपासलं, आधीचा आणि नंतरचा आकडा दोन्ही फाईलवर लिहून घेतले, आणि तुम्हीही ते मागून घ्याच. नवीन कंपनीच्या बाटलीचा थेंब मोठा-लहान असू शकतो, बाटली दाबायला कडक असू शकते, म्हणून पहिले दोन दिवस मी स्वतः टाकले, मग बाबांच्या हातात दिली. आता रात्री नऊच्या बातम्या संपल्या की ते स्वतःच आवाज देतात, "फ्रीजमधली डबी आण न वं."